२१ दिवसांत नैराश्य पळवणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, भिशीच्या आणि शेवटी घरच्या. मजकूर थोडक्यात असा: नैराश्य म्हणजे मनाचा आळस. रोज पहाटे साडेचारला उठा, आरशासमोर 'मी आनंदी आहे' असं अकरा वेळा म्हणा, वाईट विचार आला की लगेच हाकलून द्या. असं २१ दिवस करा. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गोळ्या आजच कचऱ्यात टाका. खाली जोडलेले हात आणि 'दहा जणांना पाठवा'.

माझ्या मावशीनं हे सगळं मनावर घेतलं, म्हणून लिहायला बसले.

मावशी शुक्रवार पेठेत एकटी राहते. काकांना जाऊन दीड वर्ष झालं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती एरवी दुधाचा हिशेब मांडते. परवा गेले तर तारखांभोवती लाल पेनाचे गोल दिसले. नऊ गोल, मग फुली. पुन्हा सहा गोल, फुली. मग चारच. "अगं, पहाटे डोळाच उघडला नाही बघ," ती म्हणाली. "माझ्याच्यानं एवढंसुद्धा होत नाही." आधीच खचलेल्या बाईला स्वतःला बोल लावायला आणखी एक कारण मिळालं होतं.

तेव्हा आधी त्या २१ दिवसांचंच बघू. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं, की ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. विषय आरशातल्या चेहऱ्याचा होता, नैराश्याचा नव्हता. शिवाय 'किमान' हा शब्द पुढे सांगणाऱ्यांनी सोडून दिला. सवयींचा खरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २०१० साली छापून आला. त्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक साधी गोष्ट करायला सांगितली: जेवणाबरोबर ग्लासभर पाणी, किंवा थोडा व्यायाम असं काहीतरी. ती आपसूक व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही असं त्यांना आढळलं. हे मी मावशीला दोनदा वाचून दाखवलं. तिनं मारलेल्या त्या फुल्यांना काही आधारच नव्हता.

'वाईट विचार हाकलून द्या.' हाकलून जात नाहीत, हे १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी प्रयोग करून दाखवलं. त्यांनी काही लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे विचार करायची मुभा दिली, तेव्हा या लोकांच्या मनात अस्वल उलट जास्त आलं. मावशीच्या दाराशी काकांच्या चपला अजून आहेत. मेसेज वाचल्यापासून ती तिकडे बघायचंच टाळत होती आणि दिवसभर तेच डोक्यात होतं. आठवण आली तर येऊ द्यावी, रडू आलं तर रडावं, जवळच्या माणसाशी बोलावं. कुणाला वहीत लिहून मोकळं वाटतं, तर लिहावं. रडणं म्हणजे हार, असं कुणी ठरवलं?

आरशासमोरच्या वाक्याचंही तेच. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या अभ्यासात स्वतःबद्दल चांगलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर, ज्यांचा स्वतःवर मुळातच विश्वास कमी होता त्यांना, ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा जास्त वाईट वाटलं. तोंडानं 'मी आनंदी आहे' म्हणताना आतून 'नाहीयेस' असं उत्तर येतं, आणि ते ऐकू येतंच. 'आज आंघोळ केली, वरण-भात लावला' हे खरं आहे. तेवढं म्हणावं.

पहाटे साडेचारचं फार बोलत नाही. हिंजवडीत रात्री बारापर्यंत परदेशातल्या टीमशी कॉलवर असलेल्या पोरानं साडेचारला उठायचं ठरवलं तर त्याची झोपच मोडेल. झोप पुरेशी हवी आणि उठायची वेळ रोज साधारण एकच हवी.

आता गोळ्या. इथे माझा संयम संपतो. फडताळात मसाल्याच्या डब्यामागे मला मावशीची गोळ्यांची पट्टी सापडली, सात कप्पे फुटलेले, बाकीचे तसेच. गोळ्या तिनं एकदम थांबवल्या होत्या. गरगरत होतं, चिडचिड होत होती, झोप उडाली होती आणि 'मन साफ होतंय, त्रास होणारच' असं ती स्वतःला समजावत होती. नैराश्यावरच्या या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर नेमका असा त्रास होऊ शकतो. त्या कमी करायच्या असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू. सुरू केल्यावरही गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून 'आठ दिवस घेतल्या, फरक नाही' म्हणून सोडूनही देऊ नयेत.

आणि आळस? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. हे सगळे आळशी? 'लोक काय म्हणतील' म्हणून डॉक्टरांकडे न जाणाऱ्यांना अशा मेसेजमुळे घरी बसायला आणखी एक कारण मिळतं.

सवयी मला नको आहेत असं नाही. चालण्यानं मनाला खरंच बरं वाटतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि ती तळजाईवर, पर्वतीच्या पायऱ्यांवर, कुठेही होतात. फक्त 'बरं वाटलं की जाईन' म्हणून थांबायचं नाही. आधी चपला घालायच्या, वाटणं मागून येतं. नैराश्यावरच्या समुपदेशनातही ही पद्धत वापरतात. पण ती उपचारांच्या जोडीला. दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन दिवसही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.

मावशीच्या गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्या. संध्याकाळी पाचला शेजारच्या काकू खालून हाक मारतात आणि दोघी सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपर्यंत जाऊन येतात. पाऊस असला की जात नाहीत. कालनिर्णयच्या नव्या पानावर लाल गोल नाहीत, दुधाचा हिशेब परत आला आहे. १४ तारखेच्या चौकोनात 'अर्धा लिटर जास्त' असं लिहिलंय. त्या दिवशी तिनं शेवयांची खीर केली होती.