पारी-रूबे म्हणजे लॉटरी नव्हे

एप्रिलमध्ये पारी-रूबे, ही फ्रान्समधली दगडी रस्त्यांवरची एकदिवसीय सायकल शर्यत, झाली की तेच ऐकू येतं: 'इथे नशीबच जिंकतं.' मला हे अजिबात पटत नाही. रॉजर दे व्लामिंक आणि टॉम बूनेन यांनी ही शर्यत चार-चार वेळा जिंकली, मॅथ्यू व्हॅन डर पूलने 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीनदा. लॉटरी एकाच माणसाला इतक्यांदा लागत नसते.

सुमारे 260 किमीपैकी 55 किमीच्या आसपास दगडी रस्ता, तीसेक तुकड्यांत विभागलेला. खरी परीक्षा टायरमधल्या हवेची. हवा जास्त भरली तर सायकल दगडावरून उडते. चाक हवेत असताना पायातला जोर वाया जातो आणि मनगटं बधिर होतात ते वेगळंच. हवा फार कमी केली तर दगडाची कड टायर दाबून थेट रिमवर आदळते. मग टायर फाटतो, कधी रिमच तडकते. आता बहुतेक जण 30 मिमी किंवा त्याहून रुंद ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर लावतात आणि हवेचा दाब साठ पीएसआयच्या खालीच ठेवतात, वजनदार स्वार थोडी जास्त. टायरच्या आत ओतलेलं सीलंट, म्हणजे चिकट द्रव, बारीक भोक बुजवतं, पण बाजूने चिरलेल्या टायरला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय उरलेले दोनशे किमी डांबरी आहेत, तिथे मऊ टायर जड जातो. हा हिशेब आदल्या दिवसांत त्याच दगडांवर सायकल चालवूनच जमतो.

चालवायचं रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरून. कडेची माती गुळगुळीत दिसते, पण पंक्चर करणारे टोकदार खडे तिथेच साठतात आणि पाऊस पडला की तिथे चिखल होतो. गिअर जड लावायचा, म्हणजे साखळी ताणलेली राहते. हात मात्र सैल. हँडल आवळून धरलं की प्रत्येक दगड खांद्यापर्यंत पोचतो.

आणि घोळक्यातली जागा! आरेनबर्गच्या जंगलातला सुमारे 2.3 किमीचा तुकडा सुरू होण्याआधी घोळका जीव तोडून पुढे घुसतो. 2024 मध्ये तोंडाशी मुद्दाम वळण घालून हा वेग कमी केला, ते योग्यच झालं. पहिल्या पंधरात असलेल्याला आपली वाट निवडता येते. पन्नासाव्याला समोरची धूळ दिसते, आणि पुढे कोणी पडलं की तोही अडकतो. पंक्चर झालंच, तर अरुंद रस्त्यावर संघाची गाडी लगेच पोचत नाही. म्हणून संघ तुकड्यांच्या शेवटी चाकं घेऊन माणसं उभी करतात, आणि तिथपर्यंत बसलेल्या टायरवरच जावं लागतं.

2023 मध्ये कारफूर द लार्ब्र या दगडी तुकड्यावर वाउट व्हॅन आर्ट या स्वाराचा टायर बसला, ते दुर्दैव मी मान्य करतो. पण 2025 मध्ये 38 किमी उरले असताना व्हॅन डर पूलचा प्रतिस्पर्धी पोगाचार वळणावर बाहेर गेला तो वेगाचा अंदाज चुकल्याने. त्याला नशीब म्हणू नका.

पुढच्या वेळी आरेनबर्गच्या तोंडाशी पहिले पंधरा कोण आहेत ते नीट बघा, आणि ती नावं लिहून ठेवा.