मोठा टॅप मारून का भागत नाही: हेडलाइटच्या आट्यांबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: अँबेसिडरच्या हेडलाइटचा बाऊल मडगार्डला धरणाऱ्या स्क्रूचे आटे गेले, तर मी सुचवलेल्या रिव्हेट नटचा (एका बाजूनेच भोकात बसवून दाबून पक्का करायचा, आतून आटे असलेला नट) खटाटोप कशाला? एक साइझ मोठा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारावा, नाहीतर भोकात एम-सील (कडक होणारी इपॉक्सी लुगदी) भरून त्यात आटे पाडावेत, फार तर हेलिकॉइल (भोकात बसवायची, नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवावी. शिवाय रिव्हेट नटसाठी ७ मिमीचं भोक पाडणं म्हणजे जुन्या गाडीची नासधूस.

नासधुशीचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच मागून हात पोचत असेल तर रिव्हेट नटच्या आधी नवा नट वेल्ड करावा, हेच माझंही मत आहे. बाकी तीन उपायांशी मात्र मी सहमत नाही, आणि त्याचं कारण पत्र्याच्या जाडीत आहे.

व्हर्नियर लावून बघा. मडगार्डचा पत्रा साधारण १ मिमीचा भरतो. एम५ (५ मिमी व्यासाच्या) स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, ०.८ मिमी, म्हणजे एवढ्या पत्र्यात जेमतेम सव्वा आटा बसतो. तुम्ही म्हणता तसा एम६चा टॅप मारला तर अंतर १ मिमी होतं आणि हाती एकच आटा उरतो. स्क्रू जाड झाला, पण पकडणारे आटे घटले! पहिल्यांदा नीट आवळतानाच तो एक आटा पत्र्यासकट बाहेर ओढला जातो. त्यातून बाऊलच्या कडेचं भोकही मोठं करावं लागतं आणि जुन्या स्क्रूचं डोकं ज्या खळग्यात बसायचं तिथे नवं बसत नाही. मूळपणा जपायचा असेल तर हा उपाय उलट जास्त तोडफोडीचा आहे.

एम-सीलचं तसंच. १ मिमी जाडीच्या कडेला ते धरून धरून किती धरणार? हेडलाइट सतत थरथरतो, आणि कडक झालेलं एम-सील अशा थरथरीत कडेपासून सुटतं.

हेलिकॉइल उत्तम वस्तू आहे, पण जाड धातूसाठी. एम५ची सर्वसाधारण आखूड कॉइलही ५ मिमी लांब असते. १ मिमीच्या पत्र्यात ती लोंबकळत राहील. ओतीव ब्रॅकेटचे आटे गेले असतील तर जरूर वापरा: ५.२ मिमीचं ड्रिल, हेलिकॉइलचाच खास टॅप (साधा एम५ चालत नाही), कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली, आणि शेवटी तळाचा आडवा दांडा तोडून बाहेर काढायचा. भोकाभोवतीची भिंत पातळ असेल तर टॅप मारतानाच तडा जातो, तेवढं सांभाळा.

काहीही करण्याआधी स्क्रू ओळखा, कारण आटे जाण्याचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. अँबेसिडर ही मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ची वारसदार, त्यामुळे जुन्या गाड्यांवर यूएनएफ किंवा बीए (मेट्रिक एम-मापांहून वेगळ्या, जुन्या मापपद्धतीचे) आटे सापडतात. १०-३२ यूएनएफचा व्यास ४.८३ मिमी, २बीएचा ४.७ आणि एम५चा ५. तिन्हींचा पिच ०.८च्या आसपास, त्यामुळे पिच गेजवर (आट्यांमधलं अंतर मोजायच्या पट्ट्यांवर) फरक कळत नाही. व्यासच मोजावा लागतो. बाजारातला एम५ जुन्या १०-३२ नटात एक-दोन फेरे जातो, मग जोर लावला की आटे कापतो.

आता काम. चाक काढल्यावर मागे हात गेला तर भोकाभोवतीचा रंग खरवडून धातू उघडा करा, नटावरचं झिंक घासून काढा (वेल्डिंगमध्ये त्याचा धूर विषारी), एक टाकाऊ बोल्ट घालून नट सरळ धरा आणि दोन टाके मारा. बॅटरी आधी सोडवा. रबर आणि वायरी बाजूला घ्या. थंड झाल्यावर रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) लावा.

हात जात नसेल तरच रिव्हेट नट. एम५साठी ७ मिमीचं भोक, तेही स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणाऱ्या शंकूच्या आकाराच्या ड्रिलने). साधं ड्रिल पातळ पत्र्यात तिकोनी भोक पाडतं आणि नट तिथे गरगर फिरतो. नट झिंक केलेला स्टीलचा, अंगावर रेघा असलेला घ्या. ॲल्युमिनियमचा नको, कोकणातल्या खाऱ्या हवेत स्टीलशी लागून तो कुजतो. भोकाची कड घासून तिला प्रायमर लावा. बसवायचं हत्यार नसेल तर हाय टेन्साइल बोल्टवर आधी नट, मग ग्रीस लावलेला वॉशर चढवून बोल्ट रिव्हेट नटात फिरवा. बोल्टचं डोकं पान्याने घट्ट धरा आणि वरचा नट वॉशरवर आवळत जा. जोर एकदम वाढला की थांबा. पुढे ओढलंत तर नव्या नटाचेच आटे जातील. भोकाभोवती पत्रा गंजून चाळणी झाला असेल तर यातलं काहीच टिकत नाही. तिथे आधी पत्रा कापून नवा तुकडा जोडावा लागतो.

शेवटी, दिव्याचा झोत लावायचे स्क्रू या हिशेबात धरू नका. ते नायलॉनच्या नटात फिरत असतील तर फक्त नट बदला, आणि काम झाल्यावर झोत पुन्हा भिंतीवर लावून घ्या. तुमच्या गाडीचा पत्रा आणि स्क्रूचा व्यास मोजून इथे लिहा, म्हणजे नेमका कुठला नट लागेल ते सांगता येईल.