झेनचा बारीक खांब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नव्या गाड्यांच्या टेस्ट ड्राइव्हवर आणि माझ्या जुन्या मारुती झेनवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की घ्यायची नसताना गाड्या चालवून बघणं म्हणजे शोरूममधल्या पोरांचा वेळ फुकट घालवणं, आणि वर २००२ सालच्या पत्र्याच्या डब्याचं कौतुक करणं म्हणजे वाचणाऱ्यांना धोक्यात ढकलणं. ‘आठवणींना एअरबॅग नसते’ हे तुमचं वाक्य बायकोने घरात मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

आठवणींचं आधी मिटवू. ही गाडी वडिलांची वगैरे नाही. २००९ साली एका निवृत्त गृहस्थांकडून सेकंडहँड घेतली, कारण खिशात तेवढेच पैसे होते. गळा दाटून यावा असं त्यात काही नाही. चालवायला मजा येते, बस.

वेळेबद्दल निम्मं तुमचं खरं. पहिल्यांदा मी रविवारी संध्याकाळी गेलो, शोरूम तुडुंब भरलेलं, आणि त्या मुलाच्या डोक्यावर टार्गेट असतं हे मला घरी आल्यावर सुचलं. तेव्हापासून मधल्या वारी दुपारी जातो आणि ‘लगेच बुकिंग करणार नाही’ हे आधीच सांगतो. अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट एका ठिकाणाहून पुढे महिनाभर रोज फोन येत होते, त्यामुळे कोणी कोणाचा वेळ खाल्ला हा हिशोब बाकी आहे. शिवाय ‘घ्यायची नसताना’ हे चूक. घ्यायची आहे, म्हणूनच बघतोय. दोन हजारांच्या साडीसाठी आपण दुकानदाराला वीस साड्या उलगडायला लावतो. दहा लाखांची गाडी चार किलोमीटरच्या एका फेरीत पसंत करायची?

आता सुरक्षिततेचं. इथे तुम्ही मला पकडलंत.

मी लिहिलं होतं की झेनमधून चहूकडे स्वच्छ दिसतं, कारण समोरच्या काचेच्या कडेचे खांब अगदी बारीक आहेत. नवी तीन सिलिंडरची स्विफ्ट चालवताना पुण्यात कर्वे रस्त्यावरून उजवीकडे वळत होतो (तिथे मेट्रोचे खांब काय कमी आहेत!), तर एक ॲक्टिव्हा गाडीच्या जाड खांबाआड अख्खी गडप झाली. शेजारचा मुलगा ‘सर, सर!’ ओरडला तेव्हा दिसली. तो दोष मी स्विफ्टच्या नावावर मांडून मोकळा झालो.

तुमचं वाचल्यावर खाली पार्किंगमध्ये जाऊन झेनचा तो खांब मुठीत धरून पाहिला. मूठ जवळजवळ मिटते. गाडी उलटली तर छताचा भार यानेच पेलायचा, समोरून धडक बसली तर आपल्या भोवतीची चौकट यानेच टिकवायची. नव्या गाडीतला खांब उगाच जाड नाही. त्या स्विफ्टमध्ये अगदी खालच्या मॉडेलपासून सहा एअरबॅग आहेत, माझ्या गाडीत एकही नाही. म्हणजे मला तिचं जे आवडतं, तीच तिची कमजोरी. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

पण पूर्ण माघार घेत नाही. पेठेत वीसच्या वेगाने जाताना आडवी येणारी आजी वेळेत दिसणं हीसुद्धा सुरक्षितताच. हायवेला शंभरच्या वेगात मात्र हा युक्तिवाद चालत नाही, म्हणून गेल्या दिवाळीपासून झेन खंबाटकी घाटाच्या पलीकडे नेलेली नाही. कोल्हापूरला भाड्याच्या गाडीने जातो.

जुनी गाडी धूर जास्त सोडते, हेही मान्य. दर सहा महिन्यांनी पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र) निघते, पण ती तिच्या काळच्या मर्यादेप्रमाणे. एप्रिल २०२०पासून आलेल्या, धुराचे कडक नियम पाळणाऱ्या बीएस-६ गाड्यांशी तिची बरोबरी नाही. १५ वर्षांनंतरची नोंदणी पहिल्यांदा ६०० रुपयांत झाली होती. एप्रिल २०२२मध्ये तीच फी ५,००० झाली, आणि पर्यावरण कर वेगळा. सरकारही तुमच्याच बाजूने आहे.

एक मात्र सांगतो. नव्या गाड्या चालवल्यामुळेच मला झेन नीट कळली. पॉवर स्टिअरिंग नाही, सदाशिव पेठेत गाडी लावताना हातांचे दंड भरून येतात. पण चाकाखाली खडी आहे की डांबर, हे तळहाताला कळतं. नव्या गाडीचं स्टिअरिंग पंख्याच्या रेग्युलेटरसारखं फिरतं.

आणि मग आईला घेऊन टाटाची पंच बघायला गेलो. या गाडीचं दार थेट ९० अंशांत उघडतं. गुडघे दुखणारी माझी आई सरळ बसली, सरळ उतरली. झेनमधून उतरताना ती दाराची चौकट धरते, ‘आई गं’ म्हणते आणि मग मी हात देतो. त्या दिवशी तिने हात मागितलाच नाही. निर्णय बहुधा यावरच होणार. एअरबॅगवर नाही, याचा राग मानू नका.

शेवटी ‘फोटो मात्र छान’ म्हणालात, त्याबद्दल आभार. सगळे उजव्या बाजूने काढलेत. डाव्या दाराला मोठा पोचा आहे.