मांजर नसलेलं स्क्रॅच

गेल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्ही शिकवणारे पाचजण उभ्याउभ्याच तावातावाने भांडलो. भांडण कशावरून, तर मुलांना प्रोग्रामिंग शिकवताना टर्बोवॉर्प, म्हणजे स्क्रॅचची कुणी बदललेली आवृत्ती, वापरू द्यायची की नाही. एकजण म्हणाला, "मूळ स्क्रॅच फुकट मिळतंय, चांगलं चालतंय, मग ही दुरुस्ती केलेली प्रत कशाला?" त्यावर दुसरी फणकारली, "मुलांना उठताबसता सांगता ना, रीमिक्स करा म्हणून? मग कुणी स्क्रॅचचंच रीमिक्स केलं तर नाक का मुरडता?" मी तेव्हा गप्प राहिले. मला दोघांचंही पटत होतं, आणि अशा वेळी तोंड उघडलं की दोन्हीकडून बोलणी बसतात. आता आठवडाभर विचार करून झालाय, तर लिहिते.

ज्यांचा या सगळ्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रॅच म्हणजे रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवून प्रोग्राम तयार करायचं साधन. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते बनवलं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ते साधारण ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण चाळिशीतली मीही त्यावर तासनतास रमते. त्याचा सोर्स कोड कुणालाही बघता येतो. तो घेऊन कुणी आपल्या मनाप्रमाणे बदल केले की झालं मॉड. टर्बोवॉर्प हे असंच एक मॉड. स्नॅप या ब्लॉकवाल्याच साधनाची सुरुवातही मॉड म्हणूनच झाली. पेंग्विनमॉड तर टर्बोवॉर्पवर बेतलेलं, म्हणजे मॉडचं मॉड.

आधी नावाबद्दल. डीजे लोक तबकडी हाताने पुढेमागे घासून जुन्या गाण्यातून नवा आवाज काढतात, त्याला स्क्रॅचिंग म्हणतात. 'स्क्रॅच' हे नाव तिथून आलंय. दुसऱ्याने केलेलं घ्या, उलटंसुलटं करा, त्यातून आपलं काहीतरी काढा, हा त्या नावातलाच अर्थ. साइटवर टाकलेला प्रत्येक प्रोजेक्ट कुणीही उघडून आतले ब्लॉक बघू शकतो, बदलू शकतो, आणि मूळ करणाऱ्याचं श्रेय आपोआप लागतं. हे सगळं मुलांच्या खेळांना लागू आणि ज्या साधनात ते खेळ बनतात त्याला मात्र नाही, असं म्हणणाऱ्याकडे कारण तरी भक्कम हवं.

तर कारण आहे, आणि ते मला पटतंही. स्क्रॅच १.४ चा कोड खुला झाला तेव्हा त्याच्या परवान्यात काही अटी होत्या. बदललेल्या आवृत्तीच्या नावात 'स्क्रॅच' हा शब्द नको, बोधचिन्ह नको, स्क्रॅचची ओळख असलेलं ते नारिंगी मांजर नको. आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे त्या आवृत्तीतून स्क्रॅचच्या साइटवर प्रोजेक्ट चढवायची सोय नको. पहिल्या तीन अटी वाचून हा मालकी हक्काचा हट्ट वाटेल. चौथी वाचली की उलगडा होतो. साइटवरचा कुठलाही प्रोजेक्ट कुठल्याही मुलाला उघडता यायला हवा. एका मॉडमधला खास ब्लॉक वापरून केलेला खेळ तिथे गेला, तर बाकीच्यांना तो उघडणार नाही, आणि नऊ वर्षांच्या पोराला वाटणार की आपलंच काहीतरी चुकलं. परवाने पुढे बदलत गेले, आणखी मोकळे झाले. मांजर मात्र अजून मूळ स्क्रॅचचंच आहे, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

जाता जाता एक गंमत. बीवायओबी नावाचं मॉड होतं, 'आपले ब्लॉक आपण बनवा' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. येन्स म्योनिग आणि बर्कली विद्यापीठातले ब्रायन हार्वी यांचं ते काम, आणि पुढे त्याचंच स्नॅप झालं. मांजर घेता येईना, म्हणून त्यांनी स्क्रॅचमधलंच गोबो नावाचं पिवळं पात्र घेतलं आणि त्याच्या डोक्यावर लॅम्डा या ग्रीक अक्षराच्या आकाराचे केस काढले. नाव ठेवलं अलोन्झो, लॅम्डा कॅलक्युलस मांडणाऱ्या अलोन्झो चर्च या गणितज्ञावरून. म्हणजे बोधचिन्हसुद्धा रीमिक्स!

पण बीवायओबी आठवायचं कारण गमतीपुरतं नाही. स्वतःचे ब्लॉक बनवायची सोय मूळ स्क्रॅचमध्ये आली ती २०१३ साली, २.० आवृत्तीत. बीवायओबीत ती त्याआधीच होती. दुसरं उदाहरण फ्लॅशचं, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि खेळ चालवणाऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरचं. स्क्रॅच २.० पूर्णपणे फ्लॅशवर चालायचं, आणि फोनवर फ्लॅशची बोंब. तेव्हा बाहेरच्याच लोकांनी फॉस्फोरस नावाचा प्लेअर लिहिला. तो प्रोजेक्टचं जावास्क्रिप्ट या ब्राउझरला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करायचा, त्यामुळे फ्लॅशशिवाय प्रोजेक्ट चालायचे. मूळ स्क्रॅचने फ्लॅश सोडलं ते ३.० मध्ये, २ जानेवारी २०१९ ला. फ्लॅशने स्वतः डोळे मिटले २०२० च्या शेवटी. तेव्हा 'मॉडवाले नुसते मोडतोड करतात' हे म्हणणं मला मान्य नाही. पुढचा रस्ता बरेचदा त्यांच्याच पायांनी पडलाय.

आता माझ्या वर्गातल्या दोन गोष्टी सांगते. माझं मत इथेच बनलं आणि इथेच अडखळलं.

पहिली गोष्ट बर्फाची. एका अकरा वर्षांच्या मुलीने बर्फ पडतानाचं दृश्य केलं. प्रत्येक कण म्हणजे एका स्प्राइटचा, पडद्यावरच्या पात्राचा, क्लोन, म्हणजे चालू प्रोग्रामने काढलेली नक्कल. सुरुवातीला छान भुरभुरलं, आणि थोड्या वेळाने बर्फ थांबला. चुकीचा संदेश नाही, लाल खूण नाही, काही नाही. मूळ स्क्रॅचमध्ये एका वेळी ३०० क्लोनच राहू शकतात. त्यापुढे क्लोन बनवायचा ब्लॉक चालतो, पण करत काहीच नाही. तिने संगणक बंद करून सुरू केला, मग माझ्याकडे रोखून बघितलं, जणू मीच कुठेतरी नळ बंद केलाय. मी एवढंच विचारलं, "खाली पोचलेला कण पुढे कुठे जातो गं?" ती म्हणाली, "जातो ना निघून." मग स्वतःच थबकली. कण कुठेच जात नव्हते, तळाशी एकावर एक साचून पडले होते. तिने खाली पोचल्यावर क्लोन पुसून टाकायचा ब्लॉक लावला आणि बर्फ अखंड पडू लागला.

टर्बोवॉर्पमध्ये क्लोनची मर्यादा काढून टाकायचा पर्याय आहे. तो चालू असता तर तिला हे कधी कळलंच नसतं. बर्फ पडत राहिला असता, तळाशी हजारो कण साचले असते, यंत्र हळूहळू दमलं असतं आणि आम्ही म्हणालो असतो, "जुना लॅपटॉप आहे, चालायचंच." इथे मर्यादेनेच शिकवलं, मी नुसती बाजूला उभी होते.

दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट. चौदा वर्षांच्या एका मुलाला फिबोनाची क्रम, म्हणजे जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते तो क्रम, काढायचा होता, तोही ब्लॉकने स्वतःलाच हाक मारायच्या पद्धतीने. मूळ स्क्रॅचमध्ये तुम्ही बनवलेला ब्लॉक काम करतो, पण उत्तर परत देत नाही, आणि त्या ब्लॉकपुरतं वेगळं व्हेरिएबलही, म्हणजे किंमत साठवायची जागाही, मिळत नाही. त्यामुळे उत्तर एका सामाईक व्हेरिएबलमध्ये ठेवावं लागतं. आता बघा काय होतं. आधीच्या संख्येचं उत्तर निघालं, ते ठेवलं. त्याच्याही आधीच्या संख्येसाठी ब्लॉक पुन्हा चालला, आणि पहिलं उत्तर पुसलं गेलं. त्याने दुसरं व्हेरिएबल घेतलं. आतल्या हाकांनी तेही पुसलं. पोरगं रडकुंडीला आलं. स्नॅपमध्ये हे दोन-तीन ओळींचं काम आहे, कारण तिथे ब्लॉक उत्तर परत देऊ शकतो. टर्बोवॉर्पमध्येही आता तसा ब्लॉक आहे.

ही मर्यादा मुलाला काय शिकवते? मी म्हणायचे, काही नाही. क्लोनची मर्यादा त्याच्याच प्रोग्राममधली चूक दाखवते, ही मात्र साधनातली उणीव त्याच्या डोक्यावर मारते. तेव्हा याला खुशाल मॉड द्यावं, असं मी ठरवूनही टाकलं होतं. पण पुढच्या शनिवारी तो एक लिस्ट घेऊन आला. प्रत्येक हाकेआधी उत्तर लिस्टच्या टोकाला ठेवायचं, परत आलं की टोकावरून काढून घ्यायचं. कुणी न सांगता त्याने स्टॅक बनवला होता! माझा सगळा सिद्धांत त्याने एका लिस्टमध्ये गुंडाळून ठेवला.

म्हणून काय मग, सगळ्याच अडचणी चांगल्या? छे. वर्गात बारा मुलं असतात. त्यांतला एक अडचणीतून स्टॅक काढतो आणि तिघं-चौघं 'हे आपल्याला जमणारं नाही' म्हणून कायमची उठून जातात. त्या एकाचं कौतुक सांगून बाकीच्यांना भिंतीवर डोकं आपटायला लावणं मला जमत नाही. आपण शिक्षक मंडळी ही हातचलाखी फार करतो. जो तरला त्याची गोष्ट सांगतो, बुडालेल्यांची कुणी सांगत नाही.

वेगाबद्दल फार नाही लिहीत, कारण मॉडवाल्यांचा सगळा प्रचार त्यावरच असतो. टर्बोवॉर्प ब्लॉकचं आधीच जावास्क्रिप्ट करून घेतं, म्हणून जड हिशोबाचे प्रोजेक्ट खरंच कितीतरी पट वेगाने पळतात. पण मूळ स्क्रॅच जे सेकंदाला ३० चित्रांच्या ठेक्यात चालतं आणि पडद्यावर काही हललं की लूपची, म्हणजे तेच ब्लॉक पुन्हापुन्हा चालवण्याची, फेरी त्या चित्रापुरती थांबवतं, त्यामुळेच नवख्या मुलाला मांजर पावलापावलाने चालताना दिसतं. टर्बोवॉर्पही आपणहून तोच ठेका पाळतं, पण तिथे तो वाढवता येतो, आणि मांजर एका झटक्यात पलीकडे पोचलं तर लूप म्हणजे काय हे त्याला कळणार कसं? पाचव्या दिवशी वेग काय करायचाय? पाचव्या महिन्यात त्रिमितीतला खेळ करणाऱ्या मुलीला मात्र हवाच.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि शनिवारच्या भांडणात तिचं नावही कुणी काढलं नाही. परतीची वाट.

स्क्रॅचची फाईल म्हणजे मुळात एक झिप. शेवटचं एसबी३ काढून झिप लिहा आणि उघडा, आत चित्रं, आवाज आणि सगळे ब्लॉक लिहिलेली एक जेसन फाईल, म्हणजे साध्या मजकुराची फाईल, दिसेल. मोठ्या मुलांना हे दाखवलं की त्यांचे डोळे चमकतात. टर्बोवॉर्प हीच फाईल उघडतं आणि हीच जतन करतं. तिथे नुसता वेगासाठी गेलेला मुलगा कधीही मूळ स्क्रॅचमध्ये परत येऊ शकतो. पण त्याने तिथलं जादा एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा ब्लॉकांचा संच, वापरलं, किंवा तो उत्तर परत देणारा ब्लॉक वापरला, की ती फाईल मूळ स्क्रॅचमध्ये नीट चालायची नाही. पेंग्विनमॉडची तर फाईलच वेगळी, पीएमपी. यात लबाडी कुणाचीच नाही, नवीन सोय जुन्या घरात मावत नाही एवढंच. पण हे मुलाला आधी सांगितलं पाहिजे. आमच्याकडे एकाने तीन आठवडे खपून खेळ बनवला आणि मैत्रिणीला दाखवायला मूळ स्क्रॅचमध्ये उघडायला गेला. उघडेना. त्या दिवशीचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. चूक माझी होती. त्याने एक्स्टेन्शन जोडलं तेव्हा मी मागेच उभी होते आणि "वा, भारी!" एवढंच म्हणाले होते.

दुसरी काळजी सुरक्षेची. टर्बोवॉर्पमध्ये बाहेरचं अनोळखी एक्स्टेन्शन जोडलं तर ते सहसा बंदिस्त कुंपणात चालतं. सगळीच मॉड ही काळजी घेतील असं नाही. टर्बोवॉर्पचं पॅकेजर नावाचं साधन वापरून प्रोजेक्टचा स्वतंत्र ॲप करता येतो, ते फार सुंदर आहे. पण कुणीतरी पाठवलेला असा ॲप मुलाने डोळे मिटून चालवणं मला सुंदर वाटत नाही. आणि मूळ साइटवर प्रोजेक्ट आणि शेरे यांवर देखरेख असते, तशी प्रत्येक मॉडच्या साइटवर असेलच असं धरून चालू नये.

तर आता मी काय करणार आहे ते सांगते, वर्गातल्या मंडळींनी नंतर कान धरायला हरकत नाही. नवं मूल मूळ स्क्रॅचमध्येच बसेल. "हे होत नाहीये" अशी तक्रार घेऊन आलं की आधी बघायचं, अडचण त्याच्या प्रोग्राममध्ये आहे की साधनात. बर्फाची अडचण असेल तर तिथेच सोडवायची. फिबोनाचीची असेल तर एक शनिवार झगडू द्यायचं आणि मग स्नॅप उघडून द्यायचं, उपकार केल्यासारखं तोंड न करता. आणि मॉडमध्ये पहिलं जादा एक्स्टेन्शन जोडायच्या आधी फाईलची एक प्रत बाजूला काढून ठेवायची. ही सवय मुलांच्या आधी मला लावून घ्यावी लागणार आहे.

राहता राहिला तो "नक्कल कशाला" म्हणणारा आमचा मित्र. वर्गातल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये स्क्रॅच ॲडऑन्स हे मूळ स्क्रॅचचं रूपच बदलणारं एक्स्टेन्शन टाकून डार्क मोड कुणी लावलाय, हे मला माहीत आहे. शनिवारी विचारणारच आहे.