मोठी बाटली लावली तर पाऊस जास्त पडेल का?

तिसरी-चौथीच्या पुस्तकाचं नाव 'परिसर अभ्यास'. आणि हा परिसर आम्ही शिकवतो कुठे? वर्गात, खिडकी लावून. का, तर बाहेर ट्रॅक्टर गेला की पोरांचं लक्ष जातं! मीही कैक वर्षं असंच शिकवलंय, त्यामुळे हा टोमणा आधी मलाच.

माझी शाळा माणदेशातली, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. 'पर्यावरण' म्हटलं की आमच्याकडे दोन गोष्टी होतात. ५ जूनला शाळेला सुट्टी असते, म्हणून शाळा उघडल्यावर वृक्षारोपण (बहुधा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात), फोटो काढून ग्रुपवर. आणि हिवाळ्यात सहल. सहलीवर माझा राग नाही, पोरांना समुद्र दिसायलाच हवा. पण एकदाच पाहिलेल्या जागेत काय बदललं, हे कसं कळणार? त्यापेक्षा एकच जागा पन्नास वेळा बघावी, या मताला मी आलोय. आमची जागा म्हणजे शाळेचं पटांगण आणि फाटकासमोरची विहीर.

दोन वर्षांपूर्वी पर्जन्यमापक केला. कोल्ड्रिंकची बाटली वरून कापायची, तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं बसवायचं. बुडाला खळगे असतात, म्हणून खडे टाकून थोडं पाणी ओतायचं आणि तिथून शून्य धरायचं. सहावीतल्या एकानं (हा शाळेत कमी आणि शेळ्यांमागे जास्त) विचारलं, "सर, मोठी बाटली लावली तर पाऊस जास्त पडंल का?" वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांपैकी एकालाही उत्तर येत नव्हतं.

मग पंधरा किलोचा तेलाचा डबा आणला, वरचा पत्रा कापला आणि बाटलीशेजारी ठेवला. रात्री पाऊस झाला. सकाळी बाटलीत १२ मिलिमीटर, डब्यात ७! अर्धा तास भांडण. कुणी म्हणे डबा गळतोय, कुणी म्हणे कुत्रं पाणी प्यायलं. शेवटी एका मुलीनं डब्यात उभी केलेली पट्टी बाहेर काढून नीट पाहिली. पट्टीच्या टोकापासून शून्याची रेघ पाच मिलिमीटर वर होती. पट्टी आम्ही सगळे रोज वापरतो, हे माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. ७ आणि ५ बारा. डबा मोठा, पाणी जास्त, पण उंची तेवढीच.

पुढचं गणित त्यांनीच ओढून नेलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर २० बाय ६ मीटर. १२ मिलिमीटरचे झाले १४४० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची सात बॅरलं भरून वर उरलं असतं. हे एका रात्रीत पन्हळीतून ओढ्याला गेलं, आणि एप्रिलात याच शाळेला टँकर सांगावा लागतो.

आता विहिरीचं. कठडा पक्का आहे, दोर मीच धरतो. दर अर्ध्या मीटरला गाठ, टोकाला दगड. दर सोमवारी पाणी किती खोल, ते वहीत. पावसाळा सरल्यावर पाणी हळूहळू उतरत होतं, आणि कांद्याच्या लागणीत एकदम उतरलं. का, हे पोरांना सांगावं लागलं नाही. कुणाची मोटार किती तास चालते, हे त्यांना तोंडपाठ. एकानं नावं घालून यादीच केली.

ती यादी घरी पोचली. एक पालक आले, "गुरुजी, पोरगं शिकायला घातलंय का आमच्या मोटारीवर पहारा ठिवायला?" खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. हिवरे बाजारला पावसाचा आकडा ग्रामसभेत मांडतात, पाण्याचा ताळेबंद करतात आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. आमच्या गावात तसं काही नाही, आणि ते भांडण बारा वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर टाकणं मला पटलं नाही. नावं काढली, आकडे ठेवले. घाबरलो असं म्हणा हवं तर.

पण तेव्हा वृक्षारोपण सगळ्यांना एवढं का आवडतं, ते कळलं. रोप लावल्यानं कुणाचंच काही अडत नाही. पाणी मोजलं की कुणाची तरी मोटार मधे येते. 'जलसुरक्षा' हा विषय नववीला येतो म्हणे. तोवर आमची निम्मी पोरं रात्रीच्या लाइटीला जाऊन मोटार चालू करून येतात.

कुणाला आपल्या शाळेत हे करायचं असेल तर एकच सांगतो, डबा उघड्यावर ठेवा. आम्ही सुरुवातीला सोयीचं म्हणून कडुनिंबाखाली ठेवला होता. पंधरा दिवसांचे आकडे वाया गेले. पोरं म्हणाली, खोडून टाकू. मी खोडू दिले नाहीत. अजून आहेत वहीत, समोर लिहिलंय: 'झाडानं पाऊस अडवला.'