पुण्याचं मराठी, बेळगावचं मराठी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मराठी शिकणाऱ्या परदेशी लोकांसोबत मी शनिवारी फोनवर गप्पा मारते, त्यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणालात: सीमाभागातल्या मराठी शाळांना पोरं मिळेनात आणि तू फोनवर गोऱ्यांशी गप्पा मारतेस, वर त्यांना कानडी वळणाचं अशुद्ध मराठी शिकवतेस, हे काम पुण्याच्या लोकांवर सोड. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

शाळांबद्दलची तुमची कळकळ खरी आहे. पण या गप्पांनी मराठी जगेल असा दावा मी कधी केलाच नाही. मला जर्मन बोलायचंय, त्यांना मराठी. अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास आपली, रोखठोक देवघेव. आपले साडेचार वाजतात तेव्हा उन्हाळ्यात जर्मनीत दुपारचा एक असतो आणि जपानात रात्रीचे आठ, म्हणून ती वेळ सगळ्यांना सोसते. (पावसाळ्यात लाईट गेली की पुढचा शनिवार.)

आता अशुद्धपणाचं. परवा एकजण म्हणाला, "मी भाकरी खाल्लो." पुस्तकाप्रमाणे चूकच, तिथं क्रियापद भाकरीच्या मागून जातं, खाणाऱ्याच्या नाही, आणि हा नियम शिकणाऱ्याला रडवतो. पण माझी बेळगावातल्या वडगावची आजी जन्मभर "मी काम केलो" असंच म्हणत आलीय. मी त्याला दोन्ही सांगितलं: लिहिताना 'खाल्ली', आमच्याकडं बोलताना 'खाल्लो'सुद्धा कानावर येईल. त्यानं लगेच विचारलं, "मग आजी नापास?" याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा सर!

आम्ही कुणाला वाक्याच्या मध्येच अडवत नाही. चुका बाजूला लिहून ठेवतो, शेवटी त्यातल्या दोन-तीनच सांगतो. पुण्या-मुंबईत राहून आलेल्यांचं गाऱ्हाणं एकच: मराठीत अडखळलं की समोरचा लगेच इंग्रजीवर किंवा हिंदीवर येतो. त्यात त्या लोकांचा भलेपणाच असतो, पण शिकणाऱ्याचं तोंड तिथंच बंद होतं. आपल्या खडेबाजारात मोडकं कानडी बोलणारं गिऱ्हाईक आणि मोडकं मराठी बोलणारा दुकानदार रोज घासाघीस करतात, साडीही खपते, कुणी कुणाला हसत नाही. मोडकं वाक्य पुरं होईस्तोवर थांबायची सवय आपल्याला घरबसल्या लागलीय. या कामाला तीच लागते, आणि ती पुण्याहून मागवावी लागत नाही.

बोलीचं म्हणाल तर मॅक्सीन बर्नसन १९६१ साली अमेरिकेहून आल्या आणि त्यांनी पीएचडी केली ती फलटणच्या मराठीवर. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकंही त्यांनीच तयार केली. फलटणला चाललं ते वडगावला का चालू नये?

माझी खरी परीक्षा झाली ती "तुमच्या गावाला दोन नावं का?" या प्रश्नावर. १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, २०१४ मध्ये सरकारी कागदावर आलेलं 'बेळगावी', हे सगळं जेमतेम तीन-चारशे शब्द येणाऱ्या माणसाला सोप्या मराठीत सांगून बघा. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस कसा, हे सांगताना माझी भाषणातली सगळी ठरीव वाक्यं निकामी झाली. 'अन्याय' म्हटलं की पुढचा विचारतो, "कोणी केला? कधी? कानडी शेजारी काय म्हणतात?" इतकं नेमकं मला कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं.

एका ठिकाणी मात्र मला तुमची गरज आहे. आमच्यातली एकजण वारीवर अभ्यास करते, तिला अभंग वाचायचेत. जुन्या मराठीत माझी गाडी पहिल्याच ओळीला अडते. तुम्ही तीस वर्षं मराठी शिकवलंत, असं प्रतिक्रियेत तुम्हीच लिहिलंय. शनिवारी साडेचारला फोनपाशी बसाल का? कॅमेरा बंद ठेवलात तरी चालेल. फक्त ती अडखळली तर लगेच दुरुस्त करायचं नाही, तेवढी अट पाळा.