‘निकेलची खेळणी’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

युरिएज म्हणजे युरिया तोडून अमोनिया करणारं एन्झाइम, त्याच्या गाभ्यात निकेलचे दोन अणू असतात. त्याच्यावर आणि त्याची नक्कल करणाऱ्या संयुगांवर लिहिलेल्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “दोन निकेलची ही कृत्रिम संयुगं म्हणजे निव्वळ खेळणी. युरियापासून सायनेट करतात आणि तिथेच अडकतात, एन्झाइमसारखी पुन्हापुन्हा चालत नाहीत. निकेल १९५७ साली सापडलं हेही चूक. आधी प्रयोगशाळेत पाऊल टाका, मग लिहा.”

सालाची चूक मान्य. जॅक बीनच्या, म्हणजे आपल्या अबईच्या नात्यातल्या शेंगेच्या, युरिएजमध्ये ब्रिस्बेनच्या संशोधकांनी निकेल दाखवलं ते १९७५ साली. टंकताना माझे आकडे उलटसुलट झाले. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ते दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी कोण, काय केलं आहे, हे विचारण्याचीही गरज तुम्हाला वाटली नाही. मतभेद मी रोज ऐकते, त्याचं वाईट वाटत नाही. पण अनोळखी बाईला “आधी पाऊल टाका” असं सुनवायला मी उद्धटपणाच म्हणेन.

पाऊल टाकायचं म्हणता? सात वर्षं मी याच दोन निकेलच्या मागे होते. आधी लिगँड, म्हणजे निकेलला धरून ठेवणारा रेणू, बनवायचा, पाच पायऱ्यांचा. पाचवी पायरी संपेपर्यंत हातात चिमूटभर उरायचा. मग ॲसिटोनायट्राइलमध्ये निकेलचा क्षार घालून हिरवा द्राव करायचा, त्याची छोटी नळी ईथरच्या बाटलीत ठेवायची, झाकण घट्ट लावायचं आणि वाट बघायची. मे महिन्यात भारनियमन झालं, खोली तापली, की सकाळी नळीच्या तळाशी स्फटिकांच्या जागी हिरवा चिखल. पर्क्लोरेटचा वाळलेला क्षार घासला की फुटू शकतो, तो धातूच्या चमच्याने खरवडायचा नाही, हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा चष्मा फुटला तेव्हा कळलं. डोळे वाचले, एवढंच.

शेवटी एक स्फटिक धड निघाला. क्ष-किरणांनी मोजलं, तर दोन निकेलमधलं अंतर साडेतीन अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) किंचित पुढे. १९९५ साली क्लेब्सिएला जिवाणूच्या युरिएजची रचना प्रसिद्ध झाली, तिच्यातही ते अंतर साधारण ३.५ आहे. त्या रात्री मी घरी गेले नाही. तुम्ही त्याला खेळणं म्हणता.

आणि हे सगळं कशासाठी, तेही सांगते. माझे वडील उसाला युरिया फेकायचे. वरून पाणी मिळालं नाही की दुसऱ्या दिवशी वाफ्यात नाकाला झोंबणारा वास यायचा. तो अमोनिया. पैसे देऊन आणलेलं नत्र हवेत जायचं, ते मातीतल्या जिवाणूंच्या युरिएजमुळे. एन्झाइम नसेल तर पाण्यात ठेवलेला युरिया निम्मा तुटायलाही वर्षं लागतात. दोन निकेलचे अणू ते काम क्षणात कसं करतात, हा प्रश्न मला त्या वाफ्यात पडला होता, ग्रंथालयात नाही.

एन्झाइमच्या प्रथिनात या दोन अणूंना कार्बामेट झालेल्या लायसिन या अमिनो आम्लाचा पूल जोडतो, शिवाय हायड्रॉक्साइडचा पूल, भोवती हिस्टिडिन हे दुसरं अमिनो आम्ल. युरियावर चाल करून जातो तो पुलावरचा हायड्रॉक्साइड की एकाच निकेलवर बसलेला, यावर जाणकारांत वर्षानुवर्षं वाद झाला. प्रथिनात एक अमिनो आम्ल बदललं की आजूबाजूचं बरंच काही हलतं, मग फरक कशाने पडला ते सांगता येत नाही. आमच्या संयुगात मी लिगँडचा एकच हात बदलते, निकेल तिथेच ठेवते, आणि बोट ठेवून सांगू शकते की हे यामुळे झालं. घर पाडायच्या आधी एक वीट काढून बघण्यासारखं आहे ते. खेळण्यांनी कोणी असे प्रश्न सोडवत नाही.

सायनेटचं म्हणाल, तर एमआयटीत स्टीफन लिपर्ड यांच्या गटाला फ्थॅलझीनच्या लिगँडवर बसवलेल्या दोन निकेलजवळ सायनेट, म्हणजे युरियातून अमोनिया निघून गेल्यावर उरणारा भाग, मिळालं, आणि ते त्यांनी स्वतःच छापलं. लपवलं कोणी? पुन्हापुन्हा चालण्याचा मुद्दा माझ्या लेखाचा नव्हताच, त्यामुळे त्यावर इथे लिहीत बसत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र खाली नाव लिहा.